लुआनमामाचा फोटो

पाचव्या मावशीने मला बजावलं होतं, "लुआनचं चित्र काढायचंय ना, मग देव्हाऱ्यासमोर उभी राहून काढ. फोटोला हात लावू नकोस."

ती तेव्हा आईच्या स्वयंपाकघरात जमिनीवर वर्तमानपत्र पसरून भाजी निवडत बसली होती आणि मी माझ्या चौदा महिन्यांच्या मुलीच्या तोंडातून एक देठ ओढून काढत होते. मी "बरं" म्हटलं. मावशीला मी दिवसातून वीस वेळा बरं म्हणते. पोरीला तिन्हीसांजेला बाहेर नेऊ नकोस, बरं. ओल्या केसांनी झोपू नकोस, बरं. तिला छान दिसतेस असं म्हणू नकोस, बरं. मुलीचं कागदावरचं नाव चांगलं लांबलचक आहे, पण घरात तिला मित म्हणतात, म्हणजे फणस. असलं नाव ऐकलं की भुताखेतांना मूल न्यावंसं वाटत नाही. हे नावही मावशीनेच ठेवलेलं.

ती आईची थोरली चुलत बहीण. घराण्यातली पाचवी, म्हणून सगळ्यांची पाचवी. तिच्या निम्म्या गोष्टी मी ऐकते आणि निम्म्या सोडून देते. ही सोडून दिली.

तीन वर्षं मी एक पुस्तक करत होते. चित्रांचं पुस्तक, आमच्या घराचं: आजी, आई, लुआनमामा, समुद्रातली नाव, बेट, आणि मग इथलं कॅलिफोर्नियातलं आमचं गाव, जिथे रस्त्यावरच्या पाट्याही आमच्याच भाषेत आहेत. कॉलेजात मी शिकले रसायनशास्त्र. चित्रकथा काढते म्हटल्यावर आईने एवढंच विचारलं होतं, "त्यात विमा मिळतो का?"

मामाला मी पाहिलेलं नाही. माझे आजोबा दक्षिण व्हिएतनामच्या सैन्यात होते, त्यामुळे सायगॉन पडलं त्या आठवड्यात आजीने घरातला प्रत्येक फोटो चुलीत घातला. सहा वर्षांनी तिने एकोणीस वर्षांच्या लुआनला आणि सोळा वर्षांच्या माझ्या आईला, थोआला, राक-याच्या किनाऱ्यावरून एका मासेमारीच्या नावेत बसवलं. चाचे मुली उचलून न्यायचे, म्हणून आईचे केस कापले आणि अंगात भावाचा शर्ट घातला. दोघं मलेशियाच्या बेटावर पोचली. तिथल्या छावणीत मामाला ताप आला, तो दवाखान्यात गेला, टेकडीवर त्याला पुरलं. आमच्या घरात ही गोष्ट अशीच सांगतात. जगात त्याचा एकच फोटो होता, छावणीतला: आखूड केस, उतरलेला चेहरा, छातीशी धरलेल्या पाटीवर नावेचा आकडा. मी जन्मले त्या वर्षी आजी इकडे आली, तेव्हा आईने तो फोटो तिच्या हातात दिला. आजीने तो आजोबांच्या नावाच्या पाटीशेजारी ठेवला. पंचवीस वर्षं, जिवंत होती तोवर, ती रोज सकाळी त्याची काच पुसायची. नंतर तिचाही फोटो तिथेच गेला.

पुस्तकाच्या अकरा पानांवर मामा होता. त्याला मी फोनवर घेतलेल्या फोटोवरून काढत होते, आणि देव्हाऱ्यातल्या लाल दिव्याची तिरीप काचेवर पडून कपाळापासून नाकापर्यंतचा भाग धुऊन निघायचा. संपादकबाईंनी कळवलं, तुमचा मामा दर पानावर वेगळा माणूस दिसतो. पानं द्यायला तीन आठवडे उरले होते.

म्हणून एका बुधवारी दुपारी, आई दुकानात होती आणि मित झोपली होती, तेव्हा मी फ्रेम खाली घेतली. आधी उदबत्ती लावून परवानगी घ्यायची असते. ती घेतली नाही, धुराने मितला खोकला येतो. काच काढली आणि फोटो खिडकीजवळ नेला.

डावी भुवई मधोमध तुटलेली होती.

ही भुवई मी शंभर वेळा काढली आहे. आई नऊ वर्षांची असताना मामाने गळ भिरकावला आणि तो तिच्या भुवईत अडकला, हे पुस्तकाचं चौथं पान आहे. मी आधी मनाशी म्हटलं, भावंडं आहेत, दिसत असतील सारखी. पण जखम काही रक्ताच्या नात्याने येत नाही. मग कान पाहिले. मग खालचा ओठ, तो तर पलीकडच्या खोलीत तोंड उघडं टाकून झोपलेल्या माझ्या मुलीचा होता.

फोटोत मामा नव्हता. माझी आई होती.

जिवंत माणसाचा फोटो आमच्याकडे चुकूनही पूर्वजांच्या रांगेत ठेवत नाहीत. ठेवला की ते माणूस फार दिवस राहत नाही म्हणतात. मी शिकलेली आहे, तरी फोटो घाईने फ्रेममध्ये सरकवला. तीस वर्षं या फोटोसमोर उदबत्त्या लागल्या, दर तिथीला भात वाढला, आणि लावणारी, वाढणारी आईच. मी फ्रेमचा पुठ्ठा परत बसवायला लागले तर तो नीट बसेना. मागे घडी घातलेला लाल कागद होता. आजीचं अक्षर मोठं, शाळेतल्या मुलासारखं. मला आमची भाषा वाचायला वेळ लागतो, पण चारच ओळी होत्या.

"हा चेहरा माझ्या मुलीचा, थोआचा. सापाच्या वर्षी जन्मलेली. ती जिवंत आहे. उदबत्ती माझ्या मुलाची, लुआनची. ती त्याला पोचवा. हिला चुकून नेऊ नका."

मी मितला उठवलं, फ्रेम डायपरच्या पिशवीत घातली आणि दुकानाकडे निघाले. वाटेत प्रत्येक सिग्नलला मला वाटत होतं की आईला काहीतरी झालं असणार.

तिला काही झालं नव्हतं. ती एका म्हाताऱ्याच्या मानेवरून मशीन फिरवत होती. पस्तीस वर्षं तिचं पुरुषांचं सलून आहे, पावाच्या दुकानाच्या आणि दाताच्या डॉक्टरच्या मध्ये. सकाळपासून तिथे निवृत्त म्हातारे येऊन बसतात, बुद्धिबळ मांडतात आणि केस नसले तरी कापून घेतात.

"थोआ, कल्ले जरा ठेव गं," खुर्चीतला म्हणाला. "अजून एक लग्न करावं म्हणतो."

"तुमच्या बायकोला फोन करून विचारते, किती ठेवू."

"नको, मग काढच."

आईने आरशातून माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीतून वर आलेल्या फ्रेमच्या कोपऱ्याकडे. म्हाताऱ्याची मान तिने पूर्ण केली. पावडर लावली, कापड झटकलं, त्याला दारापर्यंत सोडलं. बुद्धिबळवाल्या दोघांना म्हणाली, "दादा, आज घरी जाऊन खेळा." आणि दारावरची पाटी फिरवली.

"कुणी सांगितलं? पाचवीने?"

"भुवईने," मी म्हटलं.

ती खाली बसली नाही. केर काढायला लागली. केर काढता काढता सांगितलं, माझ्याकडे न बघता. नावेची मोटर चौथ्या दिवशी बंद पडली. लुआन सहाव्या दिवशी गेला. आपल्या वाटणीचं पाणी तो तिला पाजत होता, हे तिला कळलं तेव्हा उशीर झाला होता. त्याला समुद्रातच सोडलं. बेटावर उतरताना तिच्या अंगात त्याचा शर्ट आणि खिशात त्याचा कागद. टेबलामागच्या माणसाने नाव विचारलं. शेजारी एकट्या आलेल्या मुलींना वेगळं बसवत होते, कुठे नेणार ते कुणी सांगत नव्हतं. ती म्हणाली, लुआन. त्यांनी पाटी दिली आणि फोटो काढला.

"आजी आली तेव्हा मला विचारलं, त्याला कुठे पुरलं? पाण्यात सोडला असं कसं सांगणार, क्वेन? पाण्यातल्याला थडगं नसतं. तो भटकत राहतो, कुणाच्याही दारचं खातो. मी म्हटलं, टेकडीवर पुरलाय. ती म्हणाली, दाखव. मग हा दाखवला. म्हटलं बघ, जमिनीवर उभा आहे."

"आणि तिने मानलं?"

"मानलं. म्हातारपणी तिची नजर गेली होती."

मी लाल कागद पुढे केला.

आईने तो वाचला. परत वाचला. मग जाऊन गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. मी तिला त्या खुर्चीत बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मित तिच्या पायापाशी जाऊन केसांचा पुंजका तोंडात घालायला लागली, आणि आईने न बघताच तो तिच्या मुठीतून सोडवला.

"पंचवीस वर्षं," ती म्हणाली. "पंचवीस वर्षं मी तिच्याशेजारी मान खाली घालून उभी राहायचे. वाटायचं आईला फसवतेय. आणि तिला पहिल्या दिवसापासून माहीत." मग हसली. डोळे पुसत हसली. "काय बाई होती. एकदाही म्हणाली नाही."

मला वाटलं, आता ती पानांना हो म्हणेल. पण दार उघडताना ती म्हणाली, "हे छापायचं नाही. लोक म्हणतील, थोआने भावाचं नाव चोरलं आणि जन्मदात्या आईला खोटं सांगितलं. इथे मला रोज यांचे केस कापायचेत."

मी वाद घातला नाही. अकरा पानं गेली असती तर पुस्तकच गेलं असतं, कारण उरलेलं सगळं त्यांच्यावरच उभं होतं. पण तिचा चेहरा, तिचं नाव. मी घरी येऊन पानं एका फाइलमध्ये घातली आणि संपादकबाईंना पत्र लिहायला घेतलं. पूर्ण केलं नाही.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी घरी आली, मितला कडेवर घेतलं आणि म्हणाली, "दाखव."

मी पानं टेबलावर मांडली. तिने ती दुकानातल्या मासिकांसारखी चाळली, मग एकावर बोट ठेवलं.

"हे केस असे नव्हते. आईने भाजीच्या सुरीने कापले होते. मागे पायऱ्या पायऱ्या. तू तर मला चांगल्या न्हाव्याकडे पाठवलंयस."

"तो मामा आहे."

"ती मी आहे. आणि मी घाबरलेली का आहे?"

"घाबरली नव्हतीस?"

"पंधरा दिवस. ते पंधरा दिवस काढ. पुढचे साडेआठ महिने कसे होते ते तुला माहितीच नाही." ती बसली. "विहिरीवर मुलींची रांग वेगळी, मुलांची वेगळी. मी मुलांच्या रांगेत. खांद्यावर दोन डबे. फुटबॉल खेळले. शिट्टी वाजवायला शिकले. आपल्याच सैन्यातला एक जुना सार्जंट होता, झाडाखाली केस कापायचा, त्याला हाताखाली पोरगा हवा होता. पोरगा म्हणून मी राहिले. हे सगळं"—तिने बोटांनी हवेतच कातरी चालवली—"तिथे शिकले. नऊ महिन्यांत मला कुणी सांगितलं नाही, गुडघे जुळवून बस."

मी विचारलं, "आई, तुला मुलगा व्हायचं होतं का?"

तिने खरोखर विचार केला. "नाही. मला तसं चालायचं होतं."

"मग सोडलंस कसं?"

"अमेरिकेच्या मुलाखतीला माझं मीच सांगितलं. तोवर केस कापून बरे पैसे मिळत होते, भीती गेली होती. साहेब कागदाकडे बघतो, माझ्याकडे बघतो. म्हणाला, तू मुलगी कशावरून? मी म्हटलं, तुम्ही मुलगा आहात कशावरून?" तिने मितची हनुवटी पुसली. "त्याने नवीन कागद केले."

हे मी कधीच ऐकलं नव्हतं. मी पेन्सिल शोधत होते आणि ती मुलीच्या पायाखाली सापडली.

"म्हणजे छापू?"

"आईने पूर्वजांना लेखी कळवून ठेवलंय," ती म्हणाली. "तिथे लपलं नाही, तर दुकानातल्या म्हाताऱ्यांपासून काय लपवायचं. पण लुआनला विचारायचं. त्याचं नाव वापरलंय मी."

लुआनमामाची तिथी आठ दिवसांवर होती. त्या आठ दिवसांत मी त्याचा चेहरा काढला, फोटो नसलेल्या माणसाचा. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला पाचवी मावशी, मध्ये मी.

"नाक रुंद," आई म्हणाली.

"एवढं नाही," मावशी म्हणाली. "तू त्याच्यावर चिडलेली असायचीस म्हणून तुला रुंद दिसायचं."

"पुढचा दात थोडा बाहेर."

"हो, दात होता. आणि कायम भुकेला दिसायचा."

"मावशी, भुकेला कसा काढू?"

"डोळे स्वयंपाकघराकडे काढ."

सत्तावीस कागद फुकट गेले. अठ्ठाविसाव्यावर मावशीने चष्मा काढला आणि आई उठून चुलीवरच्या मडक्यातला मासा बघायला गेली, जो बघायची गरज नव्हती.

"तुला माहीत होतं," मी मावशीला हळूच म्हटलं.

"कागद लिहिताना मीच तिला शाई दिली. म्हणून तुला सांगितलं होतं, हात लावू नकोस." तिने चष्मा पुसला. "मला वाटायचं, हे बाहेर आलं तर थोआ मोडेल. मी तिला ओळखलंच नाही म्हणायचं."

तिथीच्या दिवशी मडक्यातला मासा होता, भरल्या कारल्याचं सूप होतं, सीताफळं होती. आईने स्वतःचा फोटो खाली घेतला, या वेळी उदबत्ती लावून, आणि त्या जागी मी काढलेला लुआन ठेवला, डोळे स्वयंपाकघराकडे असलेला. मग बशीत दोन नाणी घेतली. आमच्याकडे गेलेल्यांना असंच विचारतात: एक छापा एक काटा पडला तर हो, दोन्ही सारखी पडली तर नाही. तीन वेळा विचारता येतं.

"दादा," ती म्हणाली, "तू नाही म्हणालास तरी मी छापू देणार आहे. पण तुझी खूण हवी."

दोन्ही छापे.

दुसऱ्यांदा दोन्ही काटे.

 माझा नवरा मितला घेऊन दारात उभा होता.

"जिवंत होता तेव्हाही पहिल्यांदा कधी हो म्हणाला नाही," आई म्हणाली आणि नाणी पुन्हा टाकली. एक बशीच्या कडेवर जाऊन फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि पडलं. एक छापा, एक काटा.

"हे तू जोरात टाकलंस," मावशी म्हणाली.

"नियमात कुठे लिहिलंय हळू टाक म्हणून?"

"लुआन रागावला तर?"

"मग पुढच्या वर्षी एक मासा जास्त वाढीन. बस, जेव आता."

पुस्तक वसंतात आलं. आमच्या गावच्या वाचनालयाने मूळ पानं भिंतीवर लावली. आई पांढरा शर्ट घालून आली, बाह्या दुमडलेल्या, मागून मान नीट कोरलेली; ती तिची तीच कोरते, दोन आरसे धरून. तिचे सगळे म्हातारे आले होते. सुरीने कापलेल्या केसांच्या पानासमोर कल्लेवाले गृहस्थ बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "थोआ, हे कुणी कापले? त्याच्याकडे मला पाठवू नकोस."

"माझ्या आईने," ती म्हणाली. "माझे सर्वांत महाग केस आहेत ते." आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात पानाखालचं नाव वाचून दाखवलं: थोआ. वय सोळा. मी मितला उचलून धरलं, तिला दिसावं म्हणून. तिला काही कळलं नाही, तिने टाळ्या वाजवल्या. मला माझ्या आईचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता, आणि तो मी तिला बोलून दाखवला नाही. आम्ही असलं बोलत नाही. मी तिला खाऊच्या टेबलावरचं सीताफळ फोडून दिलं.

लोक पांगायला लागले तेव्हा एक बाई त्या पानाशी आली. साठीच्या पुढची, केस पुरुषासारखे आखूड, तपकिरी जाकीट, हातात भाजीची पिशवी. तिने आईला विचारलं, "तुमची नाव कुठली?" आईने आकडा सांगितला. तिने तिचा सांगितला. मग म्हणाली, "आमच्याही देव्हाऱ्यात असा एक फोटो आहे."

"कुणाचा?"

"भावाचा म्हणतात," ती म्हणाली. घड्याळाकडे पाहिलं, बस चुकेल म्हणाली आणि गेली. आई तिच्यामागे सपाता वाजवत थांब्यापर्यंत धावली. बस निघून गेली होती. परत येऊन आई म्हणाली, "तिच्या फ्रेममागे कुणी कागद ठेवला असेल का गं? तिच्याबरोबर कुणीच नव्हतं."

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आई आता दुकानाच्या दारातून येणारीजाणारी प्रत्येक बस बघते. तुम्ही हे वाचताय, तर तुमच्या इमारतीत, तुमच्या थांब्यावर, तुमच्या देवळाच्या मागच्या बाकावर बघा. तपकिरी जाकीट आहे, उजव्या हातात पिशवी धरते. दिसली तर तिच्या घरी जाऊन या, दार वाजवा. फोटोचा विषय आधी काढू नका. जेवलात का, एवढं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत तिथेच उभे राहा.